कॅथलिक वाचकासाठी बायबल : सुरुवात कोठून आणि कशी करावी

बायबल वाचायचे ठरवलेला माणूस बहुधा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा त्याला ऐकून माहीत असतात आणि निर्गमच्या पूर्वार्धातील मोशे आणि फारो यांच्या संघर्षात तो रमतो. पुढे मात्र निवासमंडपाची मोजमापे आणि लेवीय पुस्तकातील अर्पणांचे नियम सुरू झाले की वाचन थंडावते आणि पुस्तक कपाटात जाते. आपल्याकडे ग्रंथ वाचायचा म्हणजे संकल्प सोडून पारायण करायचे अशी सवय असल्यामुळे हे घडणे स्वाभाविक आहे. परंतु बायबल हा शेकडो वर्षांच्या काळात हिब्रू, अरामी आणि ग्रीक या भाषांत लिहिलेल्या त्र्याहत्तर पुस्तकांचा संग्रह आहे, आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचावा अशी अपेक्षा चर्चने सामान्य भाविकाकडून कधी ठेवलेली नाही. चर्चने वाचनाचा क्रम मिस्सेतच, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासनेतच, लावून दिला आहे. पुण्यात बाप्तिस्म्याची तयारी करणारे, कॅथलिक घरात लग्न होऊन आलेले, किंवा जन्माने कॅथलिक असूनही ज्यांनी हे पुस्तक कधी स्वतःहून उघडले नाही, अशा सर्वांना त्या क्रमाचा हात धरून कसे चालता येईल, ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी : योग्य प्रत निवडणे

घरात आधीपासून असलेले मराठी बायबल हाती घेण्यापूर्वी त्याची अनुक्रमणिका पाहावी. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या कराराची ४६ आणि नव्या कराराची २७ अशी ७३ पुस्तके असतात, तर प्रोटेस्टंट परंपरेतील प्रतींमध्ये ६६ असतात. तोबीत, युदित, मक्काबींची दोन पुस्तके, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात पुस्तके, तसेच एस्तेर आणि दानीएल यांतील काही भाग त्या प्रतींत नसतात. नवा करार दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे फरक शोधायचा तो फक्त जुन्या करारात. नहेम्यानंतर तोबीत आले आहे का, हे पाहिले की उलगडा होतो. काही प्रतींमध्ये ही पुस्तके दोन करारांच्या मध्ये वेगळा विभाग करून छापलेली असतात, तेव्हा तेथेही नजर टाकावी.

या फरकामागे इतिहास आहे. आरंभीचे ख्रिस्ती लोक जुना करार प्रामुख्याने ग्रीक भाषांतरातून वाचत असत आणि त्या ग्रीक संग्रहात ही पुस्तके होती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी यहुद्यांच्या हिब्रू संग्रहाला प्रमाण मानून ती बाजूला ठेवली, आणि १५४६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट येथील परिषदेने ती पवित्र शास्त्राचाच भाग असल्याचे निश्चितपणे सांगितले. हा वाद केवळ पंडितांपुरता नाही. अंत्यविधीच्या मिस्सेत पुष्कळदा वाचला जाणारा, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत असे सांगणारा उतारा ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातला आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा कॅथलिक प्रघात समजून घेताना ज्या उताऱ्याकडे बोट दाखवले जाते, तो दुसऱ्या मक्काबीच्या बाराव्या अध्यायात आहे. हातातल्या प्रतीत ही पुस्तकेच नसतील, तर मिस्सेत ऐकलेले वाचन घरी येऊन शोधणाऱ्याची अकारण धांदल उडते.

मराठीत बायबलची सुंदर भाषांतरे प्रोटेस्टंट परंपरेत झाली आहेत. पुण्यापासून जवळ असलेल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले, हे मराठी वाचकाने अभिमानाने सांगावे असे काम आहे. अशी प्रत वाचण्यात काहीही गैर नाही. ती अपुरी आहे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. साध्या, आजच्या मराठीतून वाचायचे असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ नवख्याला फार उपयोगी पडते. इंग्रजी मिस्सेला जाणाऱ्यांनी इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनची कॅथलिक आवृत्ती घ्यावी, कारण भारतात २०२० पासून इंग्रजी मिस्सेतील वाचने त्याच भाषांतरातून होतात आणि कानावर पडलेले शब्द पानावर जसेच्या तसे सापडतात. प्रत कोणतीही घेतली तरी सुरुवातीच्या पानांवर बिशपांच्या अनुमतीची नोंद आहे का आणि पानांच्या तळाशी टिपा आहेत का, हे पाहून घ्यावे. टिपांविना बायबल नवख्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन पैसे अधिक गेले तरी चालतील.

दुसरी पायरी : संदर्भ शोधता येणे

‘मार्क १०:४६-५२’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ मार्कचे शुभवर्तमान (येशूच्या जीवनाच्या चार वृत्तान्तांपैकी एक), दहावा अध्याय, ओवी सेहेचाळीस ते बावन्न. हे अध्याय आणि ओव्यांचे क्रमांक मूळ लेखकांचे नाहीत. अध्याय तेराव्या शतकाच्या सुमारास पडले आणि नव्या कराराच्या ओव्यांना आजचे क्रमांक १५५१ मध्ये एका छापखानेदाराने दिले. म्हणून अध्याय संपला की विषय संपला, असे मानू नये. पुष्कळदा वाक्याचा खरा रोख पुढच्या अध्यायात शिरल्यावर कळतो. स्तोत्रसंहितेत आणखी एक अडचण येते. जुन्या कॅथलिक प्रतींमध्ये बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो, त्यामुळे ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र तेथे बाविसावे म्हणून छापलेले दिसते.

पेन्सिल आणि एक साधी वही जवळ ठेवावी. पवित्र पुस्तकावर खुणा कराव्यात की नाही, याचा संकोच आपल्याकडे बऱ्याच घरांत असतो. पेन्सिलीची बारीक रेघ हा अनादर नव्हे, परंतु मनाला पटत नसेल तर वही आहेच.

तिसरी पायरी : येत्या रविवारापासून आरंभ

रविवारच्या मिस्सेतील वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. ‘अ’ वर्षात मुख्यतः मत्तय, ‘ब’ वर्षात मार्क आणि ‘क’ वर्षात लूक वाचला जातो. योहानाचे शुभवर्तमान उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतरच्या आठवड्यांत) येते, शिवाय मार्क आटोपशीर असल्यामुळे ‘ब’ वर्षात पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय वाचला जातो. कोणते वर्ष चालू आहे, हे काढायला सोपे आहे. सालाच्या आकड्याला तीनने निःशेष भाग गेला तर ते ‘क’ वर्ष. त्याप्रमाणे २०२५ हे ‘क’ होते, २०२६ हे ‘अ’ आणि २०२७ हे ‘ब’. मात्र उपासनावर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, आणि ते पुढच्या सालाचे म्हणून धरले जाते.

प्रत्येक रविवारी पहिले वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरे वाचन आणि शुभवर्तमान असा क्रम असतो. यातील पहिले वाचन सामान्य काळात, म्हणजे नाताळ, ईस्टर आणि त्यांच्या तयारीचे काळ सोडून उरलेल्या वर्षात, जुन्या करारातून येते आणि ते त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळेल असे मुद्दाम निवडलेले असते. दुसरे वाचन बहुधा पौलाच्या किंवा इतर प्रेषितांच्या पत्रांतून, आपल्या स्वतंत्र ओघाने पुढे जात असते. त्यामुळे शनिवारी रात्री वेळ थोडा असेल तर आधी शुभवर्तमान वाचावे, मग पहिले वाचन, आणि दुसरे वाचन त्या दिवशी राहून गेले तरी मनाला लावून घेऊ नये. या दोन वाचनांना जोडणारा धागा कोणता, असा एकच प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी प्रवचन ऐकताना फादर त्याचे काय उत्तर देतात, याकडे लक्ष द्यावे. पुण्यात इंग्रजी, मराठी, कोंकणी, तमिळ, मल्याळम अशा भाषांत मिस्सा होतात. भाषा कोणतीही असली तरी त्या रविवारची वाचने तीच असतात, म्हणून घरी मराठीत वाचून कॅम्पातल्या इंग्रजी मिस्सेला गेलेल्याचेही काही अडत नाही. अपवाद केरळच्या सिरो-मलबार परंपरेच्या मिस्सेचा, कारण त्यांचे वाचनचक्र वेगळे आहे.

चौथी पायरी : मार्कचे शुभवर्तमान, आणि एक उतारा जवळून

रविवारची सवय लागली की त्याच्या जोडीने एक पुस्तक सलग वाचायला घ्यावे, आणि ते मार्कचे असावे. सोळाच अध्याय आहेत, कथन वेगवान आहे, आणि एका सुट्टीच्या दुपारी ते पूर्ण वाचून होते. पहिल्या वाचनात कोठेही थांबू नये, टिपाही पाहू नयेत. दुसऱ्या वाचनात मात्र रोज एकच प्रसंग घ्यावा. तो कसा वाचावा, हे उदाहरणाने दाखवतो.

मार्क १०:४६-५२ मध्ये यरीहो नगराबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी, येशू जात आहे हे ऐकून, ‘दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर’ असे ओरडू लागतो. लोक त्याला दटावतात. तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू त्याला बोलावतो, तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो, त्याला दृष्टी मिळते आणि तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. एवढाच प्रसंग आहे, आणि घाईने वाचणारा ‘आणखी एक चमत्कार’ म्हणून पुढे जातो.

आता पान मागे उलटावे. येशू बार्तीमयाला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? हाच प्रश्न त्याने थोड्याच ओव्यांपूर्वी, १०:३६ मध्ये, याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना विचारलेला असतो. त्यांनी उजव्या आणि डाव्या हाताच्या जागा मागितल्या. आंधळ्याने दृष्टी मागितली. आणखी मागे, त्याच अध्यायात, एक श्रीमंत माणूस येतो आणि मालमत्ता सोडवत नाही म्हणून खिन्न होऊन परत जातो. बार्तीमयाजवळ टाकण्यासारखे एक वस्त्रच होते, ते त्याने टाकले. निर्गम २२:२६-२७ मध्ये गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण पांघरायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते, असा नियम आहे. तो वाचला की त्या टाकलेल्या वस्त्राची किंमत कळते.

आठव्या अध्यायापर्यंत मागे गेले तर बेथसैदा येथे आणखी एका आंधळ्याला दृष्टी मिळते, आणि तीही एकदम नव्हे, दोन टप्प्यांत. या दोन आंधळ्यांच्या मधल्या भागात येशू आपल्या मरणाविषयी तीन वेळा सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्यांना ते उमगत नाही. मार्कने ही रचना जाणूनबुजून केली आहे, हे एकदा दिसले की पुढे प्रत्येक प्रसंगाच्या मागेपुढे पाहण्याची सवय आपोआप लागते. आणि बार्तीमय ज्या वाटेने येशूच्या मागे निघतो, ती वाट पुढच्याच ओवीत, अकराव्या अध्यायाच्या आरंभी, यरुशलेमेच्या दिशेने, म्हणजे क्रुसाकडे जाते.

‘ब’ वर्षाच्या सामान्य काळातील तिसाव्या रविवारी हा उतारा वाचला जातो आणि त्याच्या जोडीला यिर्मया ३१:७-९ असतो. हद्दपारीतून परतणाऱ्या लोकांमध्ये आंधळे आणि लंगडेही असतील, असे संदेष्टा तेथे सांगतो. संदेष्ट्याचा तो शब्द यरीहोच्या रस्त्यावर एका माणसाच्या बाबतीत घडताना दिसावा, म्हणून चर्चने ही दोन पाने शेजारी ठेवली आहेत. शेवटी, ‘माझ्यावर दया कर’ ही बार्तीमयाची हाक आपण प्रत्येक मिस्सेच्या आरंभी ‘हे प्रभो, दया कर’ म्हणताना आपल्या तोंडी घेतो. कॅथलिक पद्धतीने वाचणे म्हणतात ते याहून वेगळे काही नाही: उताऱ्याचे शब्द, त्याच्या मागचापुढचा मजकूर, जुन्या करारातील त्याची मुळे आणि उपासनेतील त्याचे स्थान.

पाचवी पायरी : अवघड मजकुराशी गाठ

येथे थोडा अधिक वेळ द्यावा लागेल, कारण बहुतेकांचे वाचन याच ठिकाणी अडते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित केलेल्या ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात असे सांगितले आहे की, देव माणसांच्या द्वारे माणसांच्या पद्धतीने बोलला असल्यामुळे, त्या लेखकाला काय म्हणायचे होते आणि त्याने लेखनाचा कोणता प्रकार वापरला, हे आधी पाहिले पाहिजे. इतिहास, काव्य, संदेश, दृष्टान्त यांचे बोलणे एकसारखे नसते. पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्येच कॅथलिक अभ्यासकांना या दिशेने जाण्यास सांगितले होते.

उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात वनस्पती, मग पशू आणि शेवटी माणूस निर्माण होतो. दुसऱ्यात माणूस आधी घडवला जातो, त्यानंतर बाग लावली जाते, मग पशू आणि मग स्त्री. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांच्या नजरेतून ही तफावत सुटली असेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यांनी दोन्ही वृत्तान्त राखले, कारण सृष्टी देवाची आहे आणि माणूस त्याच्या निकट आहे, हे त्यांना दोन तऱ्हांनी सांगायचे होते. शाळेत उत्क्रांती शिकणाऱ्या मुलाला ‘मग बायबल खोटे का?’ असा प्रश्न पडला, तर उत्तर येथून सुरू करावे. आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य कळवायचे होते ते शास्त्र चुकीविना शिकवते, अशी त्या दस्तऐवजाची मांडणी आहे; भूगर्भशास्त्राचे धडे देणे हे उत्पत्तीच्या पुस्तकाचे काम नव्हे.

यहोशवाच्या पुस्तकातील कत्तली आणि शत्रूच्या बालकांविषयीचा १३७ व्या स्तोत्राचा शेवट यांनी वाचक हादरतो, आणि त्याने हादरावेही. अशा ठिकाणी ओवी सुटी काढून तिचा निर्णय करू नये. संपूर्ण शास्त्राच्या एकात्मतेत, चर्चच्या जिवंत परंपरेत आणि श्रद्धेच्या इतर सत्यांशी मेळ घालून वाचावे, असे तीन निकष परिषदेने दिले आहेत. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या ११२ ते ११४ या परिच्छेदांत ते सोप्या रीतीने मांडलेले आहेत. सूडाची भाषा करणारे स्तोत्रही शेवटी ‘शत्रूंवर प्रीती करा’ म्हणणाऱ्या येशूपर्यंत येऊन तपासले जाते. चर्चने आपल्या दैनंदिन प्रहर-प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे वगळली आहेत. ती बायबलमध्ये मात्र आहेत आणि राहतील.

एक सवय आरंभीच मोडून टाकावी. अडचणीच्या वेळी डोळे मिटून पान उघडायचे आणि ज्या ओळीवर बोट पडेल ती देवाची आज्ञा मानायची, हे कौल लावल्यासारखे आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या, रंगीत चित्रावर छापलेल्या एकेकट्या ओवीविषयीही तेच म्हणता येईल. ती आवडली तर तिचा संदर्भ पाहून संपूर्ण अध्याय वाचावा.

सहावी पायरी : वाचनाचे प्रार्थनेत रूपांतर

मठांमध्ये फार पूर्वीपासून चालत आलेली ‘लेक्सिओ दिविना’ ही पद्धत बाराव्या शतकात गीगो नावाच्या मठवासीयाने चार पायऱ्यांत बांधून दिली: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द सहवास. व्यवहारात ती अशी: आरंभी पवित्र आत्म्याला हाक मारावी, उतारा मोठ्याने आणि सावकाश वाचावा, मनाला लागलेला शब्द किंवा वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावे, त्यावर देवाशी आपल्या भाषेत बोलावे आणि मग काही वेळ गप्प बसावे. वीस मिनिटे पुरतात. अभ्यास आणि प्रार्थना यांची सरमिसळ मात्र करू नये. बार्तीमयाचा उतारा टिपांसह एका दिवशी वाचावा आणि प्रार्थनेसाठी दुसऱ्या दिवशी घ्यावा, म्हणजे दोन्ही कामे नीट होतात.

सातवी पायरी : सोबत शोधणे

पुण्यातील अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, शेजारच्या कुटुंबांचे लघु ख्रिस्ती समूह आळीपाळीने कोणाच्या तरी घरी जमतात. तेथे येत्या रविवारचे शुभवर्तमान बहुधा ‘सात पायऱ्यां’च्या पद्धतीने वाचले जाते: प्रभूला आमंत्रण, उताऱ्याचे वाचन, मनाला भिडलेले शब्द मोठ्याने म्हणणे, शांतता, मनोगत, करायच्या कामाविषयी बोलणे आणि समारोपाची प्रार्थना. आपल्या भागातील समूह कधी आणि कोणाकडे जमतो, हे चर्चच्या कार्यालयात विचारावे. पहिल्यांदा जाताना आपली प्रत सोबत न्यावी. ‘मनाला भिडलेले शब्द’ या टप्प्यावर उताऱ्यातले दोन-तीन शब्दच म्हणायचे असतात, त्यावर प्रवचन द्यायचे नसते. नवखा माणूस येथे चुकतो आणि जुनी माणसे तर हमखास चुकतात. इतरांच्या मनोगतावर वाद घालू नये, शंका असेल तर ती वहीत टिपून ठेवावी.

त्या शंकांसाठी पुण्यासारखे ठिकाण नाही. श्रीलंकेतील कँडी येथील पोपचे सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, १९५५ मध्ये येथे आले, आणि नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठात देशभरातून आलेले भावी धर्मगुरू ईशज्ञानाबरोबर बायबलचाही अभ्यास करतात, त्यामुळे शास्त्र जाणणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत. आपल्या फादरांकडे जाताना ‘मला बायबल समजत नाही’ असे मोघम सांगू नये. पुस्तक, अध्याय आणि ओवी यांचे क्रमांक लिहून न्यावेत आणि रविवारी मिस्सेनंतरच्या गर्दीत न विचारता आठवड्यातील एखादी संध्याकाळ आधी ठरवून घ्यावी.

मार्क संपल्यावर लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये ही दोन पुस्तके एका लेखकाची म्हणून सलग घ्यावीत. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गमचे पहिले वीस अध्याय, मग रूथ, तोबीत आणि योना ही छोटी पुस्तके, आणि पौलाच्या पत्रांपैकी फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र. योहानाचे शुभवर्तमान उपवासकाळासाठी राखून ठेवावे. रोमकरांस पत्र आणि प्रकटीकरण यांना पहिल्या वर्षी हात लावू नये. स्तोत्रे मात्र पहिल्या दिवसापासून, रोज एक, म्हणत जावे.